कागदावरून ई-रीडरवर: मराठी वाचकासाठी पहिल्या पायऱ्या

ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना पुस्तकांचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं, की खोकी भरायची. आणि टेम्पोवाला कुरकुरतो तो पुस्तकांच्या खोक्यांपाशीच. घर स्वतःचं असलं तरी वन बीएचकेतली एक भिंत पुस्तकांना देणं सगळ्यांना परवडत नाही. माळ्यावर टाकलेल्या पुस्तकांना पावसाळ्यात दमट वास लागतो, आणि पुढे कधी खाली काढली तर कसर पानांत शिरलेली असते. ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठी बनवलेलं यंत्र, घ्यायचा विचार बहुतेकांच्या मनात इथूनच येतो.

विचार चांगला आहे. मात्र इंग्रजी वाचकांसाठी दिलेले सल्ले पाहून मराठी वाचक यंत्र घेतो आणि थोड्याच दिवसांत अडतो. आपला प्रश्न यंत्राचा कमी आणि मजकुराचा जास्त आहे. हवं ते पुस्तक कोणत्या स्वरूपात मिळतं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून खरेदीकडे आपण जरा उशिरा वळू.

आधी यादी करा

गेल्या वर्ष-दीड वर्षात जे वाचलंत आणि पुढे जे वाचायचं आहे, ते कागदावर लिहून काढा. मग फोनवर किंडलचं, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरचं, ॲप घ्या. ते फुकट आहे आणि त्यासाठी किंडल यंत्र लागत नाही. ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं डिसेंबर २०१६मध्ये आणली, त्यामुळे यादीतलं काही ना काही तिथे सापडेल. शोधताना नाव देवनागरीत टाका, नाही मिळालं तर रोमन लिपीत टाका. काही प्रकाशकांनी नोंद रोमन लिपीतच केलेली असते.

पुस्तक दिसलं की लगेच विकत घेऊ नका. त्याचा फुकट नमुना मागवा. सुरुवातीची काही पानं येतील. ती उघडून अक्षरांचा आकार वाढवून पाहा. अक्षरं मोठी होऊन ओळी नव्याने मांडल्या गेल्या, तर तो खरा ई-बुकचा, म्हणजे वाहता मजकूर. अक्षरं वाढतच नसतील आणि सगळं पान फोटोसारखं सरकत असेल, तर ती छापील पानाची प्रतिमा आहे, आणि सहा-सात इंची पडद्यावर ती वाचताना जीव मेटाकुटीला येईल. हा फरक पहिल्या दिवशी समजला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक खूण करा: वाहता मजकूर, प्रतिमा, की मिळतच नाही.

या तपासणीत बुकगंगा हे मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकानही बघा. मराठी ई-बुकं तिथे भरपूर आहेत, पण ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. तुमच्या यादीतलं बरंचसं तिथेच मिळत असेल तर किंडल घेऊन उपयोग नाही. मग एक तर टॅब्लेट घ्यायचा, नाहीतर अँड्रॉइडवर चालणारं, ई-इंकच्या म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचं यंत्र. अशा यंत्रावर ॲपं चालतात, पण ती फोनच्या पडद्यासाठी बनलेली असल्यामुळे सरकवताना मागच्या पानाची पुसट छाया उरते. पान उलटायची सोय असलेलं ॲप त्यातल्या त्यात बरं.

यादीतली निम्म्याहून जास्त पुस्तकं कुठेच वाहत्या मजकुरात नसतील, आणि तुम्ही इंग्रजीही फारसं वाचत नसाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: यंदा यंत्र घेऊ नका. तेच पैसे ग्रंथालयाच्या वर्गणीत आणि पुस्तकांत घाला.

यंत्र निवडताना

ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण असतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विजेच्या इशाऱ्याने त्यातले हवे ते वर येतात आणि तिथेच राहतात. वीज लागते ती पान बदलताना. पान नुसतं समोर असताना चित्र टिकवायला काहीच खर्च होत नाही. म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं. आणि हे कण बाहेरचाच उजेड परतवतात, म्हणून भर उन्हातही पान कागदासारखं दिसतं. अधूनमधून पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळतो. ती आधीची छाया पुसण्याची क्रिया आहे, बिघाड नाही. नव्याने घेणारे पुष्कळ जण ते पाहून घाबरतात.

मराठीसाठी एक आकडा मात्र पक्का लक्षात ठेवा: एका इंचात ३०० ठिपके. २०२२च्या आधीच्या साध्या किंडलमध्ये ते १६७ होते. इंग्रजीला तेवढे चालून जातात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच जागी दाटीने बसतात. ‘सर्वांत’ हा शब्द जुन्या पडद्यावर लहान अक्षरात बघा: रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून ठिपका झालेला असतो. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं मॉडेल घेऊ नका.

२०२२चं साधं किंडल सहा इंची, १५८ ग्रॅमचं. त्याची साठवण १६ जीबी आहे, म्हणजे हजारो पुस्तकं. पेपरव्हाइट हे किंडलचंच वरचं मॉडेल थोडं मोठं असतं: २०२१चं ६.८ इंची, २०२४चं ७ इंची. त्यात प्रकाशाची पिवळसर छटा कमी-जास्त करता येते, आणि ते पाण्यातही टिकतं. साध्या किंडलला या दोन्ही सोयी नाहीत. रोज लोकलने जाणाऱ्याने आणि रात्री अंथरुणात वाचणाऱ्याने पेपरव्हाइट घ्यावं असं मला मनापासून वाटतं. घरी दिवसाउजेडी वाचणाऱ्याला साधं पुरे.

जुनं वापरलेलं घेत असाल तर एकच काळजी घ्या, पण ती घ्याच. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून त्याच्या समोर त्याचं खातं यंत्रावरून काढून घ्या आणि तिथल्या तिथे तुमचं खातं जोडून बघा. जोडलं जात नसेल तर व्यवहार सोडून द्या, कारण काहीही असो.

पहिल्या संध्याकाळची जुळणी

यंत्राला वाय-फाय लागतं. घरी नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. खातं जोडताना ॲमेझॉनच्या खात्यातल्या सेटिंग्जमध्ये देश ‘भारत’ आहे ना ते पाहा. परदेशात राहून आलेल्यांचं खातं अनेकदा तिथल्याच दुकानाशी बांधलेलं असतं, आणि मग इथली मराठी पुस्तकं दिसत नाहीत किंवा घेता येत नाहीत.

नंतर यंत्राचा स्वतःचा ई-मेल पत्ता शोधून वहीत लिहून ठेवा. प्रत्येक किंडलला तो असतो. त्या पत्त्यावर फाइल पाठवली की ती यंत्रावर येते, पण तुमचा नेहमीचा ई-मेल आधी मंजूर यादीत घातला असेल तरच. ‘पाठवलं पण आलं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. दुसरा आणि सोपा मार्ग म्हणजे सेंड टू किंडलचं संकेतस्थळ: फाइल तिथे टाकायची, २०० एमबीपर्यंतची चालते. ईपब, म्हणजे वाहत्या मजकुराच्या ई-बुकाची फाइल, अशीच पाठवायची. केबलने ईपब थेट आत टाकली तर किंडल ती उघडत नाही.

खातं घरातल्या दुसऱ्या कुणाचं वापरत असाल तर खरेदीला पासवर्ड लावा. पडद्यावर बोट लागून पुस्तक विकत घेतलं जाणं अगदी सहज होतं.

मराठी पुस्तकं आणायची कुठून

विकत घेण्याची दुकानं वर आलीच. महिन्याची वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं वाचायची योजनाही किंडलवर आहे. तिच्यात मराठी पुस्तकं आहेत, पण वर्गणी थांबली की ती परत जातात. सुरुवातीलाच ती घेऊ नका. तुमच्या यादीतली किती पुस्तकं तिच्यात आहेत ते मोजा आणि मग ठरवा.

फुकट आणि कायदेशीर मिळणारं मराठी लेखन खूप आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातलं पुस्तक ईपबमध्ये उतरवून घेता येतं, आणि ई-रीडरसाठी ते सर्वांत सोयीचं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत ठेवली आहेत. कोश, चरित्रं आणि वैचारिक लेखन शोधणाऱ्यांसाठी ती खाणच आहे. आणि आपल्या ठाण्याचं ई-साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं मराठी ई-पुस्तकं विनामूल्य वाचकांपर्यंत पोहोचवत आलं आहे, त्यात नव्या लेखकांची पुस्तकंही भरपूर असतात.

जुनी पुस्तकं मोफत का मिळतात, त्याचा नियम सोपा आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११च्या १ जानेवारीपासून सगळ्यांसाठी खुलं झालं. संतसाहित्याची मूळ संहिता खुली आहे. तिच्यावर आजच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ मात्र त्या अभ्यासकाचा.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात. नवा ई-रीडर हाती आल्याचं कळलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास ‘पाचशे पुस्तकं’ पाठवतं. ती घेऊ नका. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं लागतात. त्या लेखकाला आणि छोट्या प्रकाशकाला शंभर वाचक गमावल्याचा फटका खरोखर बसतो, आणि पुढचं पुस्तक निघतच नाही. शिवाय त्या फायली वाचायच्या लायकीच्याही नसतात: तिरकी पानं, मधली पानं गायब.

पीडीएफ आली तर

मराठी वाचकाची खरी झटापट इथे आहे. मोफत मिळणारं बरंचसं पीडीएफमध्येच आहे, आणि पीडीएफ म्हणजे ठरलेल्या आकाराचं पान. ते सहा इंचात बसवलं की अक्षरं मुंगीएवढी होतात.

फाइल यंत्रावर पाठवण्याआधी संगणकावर उघडा. एक ओळ निवडून कॉपी करा आणि कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

स्वच्छ मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे आत साठलेली अक्षरंही मराठीच आहेत. कॅलिबर नावाचा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात पीडीएफचं ईपब करा आणि पाठवा. किंवा ई-मेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून पीडीएफ यंत्राच्या पत्त्यावर धाडा, तिकडेच रूपांतर होतं. मात्र रूपांतरानंतरची दोन-तीन पानं आधी तपासा. पहिली वेलांटी आपल्या अक्षरावरून घसरून शेजारी जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात, ओळी मधेच संपतात. थोड्या चुका असतील तर डोळा सरावतो. प्रत्येक ओळीत असतील तर सोडून द्या.

रोमन अक्षरं, कंस आणि विचित्र चिन्हांची खिचडी उमटली तर ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली अक्षरं मराठी नाहीत. फॉन्ट फक्त त्यांचं रूप पालटून दाखवतो. अशी फाइल रूपांतरित केली की हीच खिचडी पुस्तकभर मिळते. ॲमेझॉनचा किंवा यंत्राचा यात दोष नाही, मूळ फाइलच तशी आहे.

आणि ओळ निवडलीच गेली नाही, तर ते स्कॅन आहे.

या शेवटच्या दोन प्रकारांसाठी गुगल ड्राइव्हचा उपाय आहे. फाइल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की ते पानावरची अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं, मराठीही. पण मोठी फाइल एका दमात जात नाही, तुकडे करावे लागतात, आणि निघालेला मजकूर वाचून दुरुस्त करावा लागतो. एखाद्या कथेसाठी किंवा आजोबांच्या जुन्या लेखासाठी ही मेहनत जरूर करा. चारशे पानी कादंबरीसाठी करू नका. त्यापेक्षा पानाच्या चारही बाजूंचा कोरा समास कापून घ्या आणि यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचा. जुन्या दिवाळी अंकांचं दोन-तीन रकान्यांचं पान तर तेवढ्यानेही सुटत नाही. त्याला दहा इंची टॅब्लेटच हवा.

अक्षर नीट बसवा

कॅलिबरमध्ये फाइल तयार करताना भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडायला विसरू नका. तिथे इंग्रजी राहिली तर यंत्र मजकूर इंग्रजी समजून फॉन्ट आणि शब्दकोश लावतं.

देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची वळणं बघून घ्या. मराठी शाळेत गिरवलेला ‘ल’ आणि हिंदी पुस्तकातला ‘ल’ वेगळे, आणि अनेक फॉन्टांत हिंदी वळण आधी असतं. वाचता येतं, पण लहानपणापासून मराठी छपाईवर वाढलेल्या डोळ्याला ते दर ओळीला खुपतं. किंडलवर २०१८पासून आपला फॉन्ट टाकता येतो: यंत्र केबलने जोडायचं आणि ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल टाकायची. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मोफत आहे आणि खास मराठीसाठी घडवलेला आहे. तो एकदा लावून बघाच.

अक्षर मोठं करायला संकोचू नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन सुटलेल्या आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने ओळीत जेमतेम चार शब्द मावतील एवढं अक्षर ठेवून कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या. एवढं मोठं अक्षर कुठल्याच छापील पुस्तकात मिळालं नसतं. घरातल्या ज्येष्ठांसाठी ई-रीडर घ्यायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. फक्त ओवी-अभंगांच्या वेळी मोठ्या अक्षराने चरण मधेच तुटतात आणि लय हरवते; तेव्हा यंत्र आडवं करा.

लोकल आणि पाऊस

ठाणे ते वाशी ट्रान्सहार्बरवर अर्ध्या तासाचा प्रवास. बसायला मिळालं नाही तरी एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात कडी, एवढं जमतं. पाचशे पानी जाड पुस्तकाचं ते काम नाही. मागे पट्टा असलेलं कव्हर घ्या, बोटं त्यात अडकतात आणि धक्का लागला तरी यंत्र पडत नाही. ठाण्याला चढताना ते पिशवीतच ठेवा, ऐरोलीला गर्दी जरा सैलावली की बाहेर काढा.

पावसात एक गंमत होते: थेंब पडद्यावर पडला की यंत्राला तो बोटाचा स्पर्श वाटतो आणि पानं आपोआप उलटतात. कव्हर मिटा, पुसा, मग उघडा. पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीपर्यंत तासभर टिकतं असं कंपनी सांगते, पण त्याचा अर्थ ओल्या यंत्राला चार्जर लावावा असा नाही. चार्जिंगची जागा पूर्ण सुकू द्या. साध्या किंडलसाठी जून ते सप्टेंबर चेन असलेली प्लॅस्टिकची पिशवी सोबत असू द्या.

वाचनकट्ट्यावर चर्चा करताना पान क्रमांक जुळत नाहीत, कारण ई-बुकाची पानं अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतात. प्रकरणाचा क्रमांक आणि वाक्याची सुरुवात सांगायची सवय लावा. तुम्ही अधोरेखित केलेल्या ओळी किंडल एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवतं. ती अधूनमधून संगणकावर उतरवून ठेवा.

कागदी पुस्तकांचं काय करायचं

सगळी देऊन टाकू नका. ई-बुक विकत घेतलं म्हणजे ते वाचायचा परवाना मिळाला, पुस्तक तुमच्या मालकीचं झालं असं नाही. २००९मध्ये ॲमेझॉनने विकलेली काही पुस्तकं हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या यंत्रांवरून परस्पर काढून घेतली होती आणि नंतर माफी मागितली. विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही २६ फेब्रुवारी २०२५पासून बंद झाली. ज्या पुस्तकावर जीव आहे, जे मुलांना द्यायचं आहे, ज्यात आईचं नाव आणि तारीख लिहिलेली आहे, ते कागदावरच राहू दे. कविता, चित्रांची पुस्तकं, कोश आणि बालवाङ्मयही. कादंबऱ्या, चरित्रं, एकदा वाचून होणारं इंग्रजी लेखन हे यंत्रावर न्यायला उत्तम.

ग्रंथालयाची वर्गणी चालू ठेवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून उभं आहे, आणि ई-बुकात कधीच न आलेली मराठी पुस्तकं अशाच ठिकाणी सापडतात.

जी द्यायची ठरवलीत, त्यांची नाव, लेखक आणि प्रकाशनवर्षासह यादी करा आणि ती आधी ग्रंथालयाला दाखवा. जागा त्यांनाही कमी असते. न विचारता खोकी दारात नेऊन ठेवली तर हवी ती पुस्तकंही नको त्यांच्याबरोबर पडून राहतात. त्यांनी निवडून घेतल्यावर उरलेली सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह टाका. कसर लागलेली मात्र कुणालाच देऊ नका. ती दुसऱ्याच्या कपाटात शिरते. ती रद्दीत घाला आणि कपाट पुसून, त्याला चांगलं ऊन देऊन मगच उरलेली पुस्तकं परत लावा.